ड्रॅगन तुझा, टेर्न त्यांचा

सांगलीहून पत्र आलंय, खाली नाव लिहिलंय 'कृष्णाकाठची रायडर'. पत्र मोठं आहे म्हणून थोडं कापून देतेय. ज्यांनी वाचलं नसेल त्यांच्यासाठी, 'फोर्थ विंग' ही ड्रॅगन आणि त्यांच्यावर बसणाऱ्या रायडरची इंग्रजी कादंबरी, व्हायोलेट आणि झेडन तिची नायिका आणि नायक, टेर्न आणि अँडार्ना हे व्हायोलेटचे ड्रॅगन.

"ताई, मी २४ वर्षांची आहे, एका सीएच्या ऑफिसात काम करते आणि रात्री आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये चित्रं काढते. 'फोर्थ विंग' वाचलं आणि तेव्हापासून दुसरं काही काढावंसंच वाटत नाही, व्हायोलेट, झेडन, टेर्न, अँडार्ना, बस एवढंच. इन्स्टावर बऱ्यापैकी फॉलोअर्स झालेत, लिंक देतेय. आता सगळं एकदम अंगावर आलंय. मैत्रीण मुंबईच्या कॉमिक कॉनला, म्हणजे कॉमिक्स-फँटसीवाल्या चाहत्यांच्या मेळ्याला, स्टॉल घेतेय, ती म्हणते तुझे प्रिंट आणि स्टिकर ठेवू, नफा अर्धा अर्धा. अमेरिकेतल्या एका बाईचा डीएम आलाय की दोघांच्या 'त्या' सीनचं चित्र काढून दे, १५० डॉलर देते, पण सगळं दिसलं पाहिजे. ज्या सरांकडे मी एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षा केल्या ते म्हणाले ही सगळी नक्कल आहे, दुसऱ्याच्या डोक्यातलं उचलून कोणी चित्रकार होत नाही. आणि आईने परवा आयपॅडवर झेडन-व्हायोलेटच्या किसचं चित्र बघितलं. काही बोलली नाही, नुसता आयपॅड टेबलावर ठेवून आत गेली. मी चोरी करतेय का? विकू की नको? आणि आईशी काय बोलू?"

अगं रायडर,

पत्र वाचून झाल्यावर मी तुझं अकाऊंट उघडून बसले आणि सगळ्यात जुन्या पोस्टपासून वर येत सगळी चित्रं बघितली. चांगली आहेत. काही तर फारच चांगली आहेत. हे आधी सांगते कारण एवढ्या मोठ्या पत्रात तू स्वतःच्या चित्रांबद्दल एकही चांगला शब्द लिहिलेला नाहीस, सगळ्यांचं म्हणणं लिहिलंस, मैत्रिणीचं, सरांचं, त्या बाईचं, आईच्या गप्प बसण्याचं सुद्धा, पण तुला स्वतःला ती काढताना काय मिळतं ते कुठेच नाही. मला ते चित्रांतून कळलं, पण तू पण ते कुठेतरी लिहून ठेव.

आता सरांचं बघू, कारण मला वाटतं तुला सगळ्यात जास्त तेच लागलंय.

एखादं पुस्तक वाचून त्यातला प्रसंग कागदावर आणणं याला नक्कल म्हणत नाहीत, तसं म्हणायचं तर आपल्याकडची निम्मी चित्रकला नक्कल ठरेल. सिंधुदुर्गात पिंगुळीचे चित्रकथी पिढ्यानपिढ्या रामायण-महाभारतातले प्रसंग कागदावर काढून ते दाखवत गोष्टी सांगत आले, त्यातली एकही गोष्ट त्यांनी स्वतः रचलेली नव्हती. किंवा राजा रविवर्म्याची ती शकुंतला घे, पायातला काटा काढायच्या निमित्ताने मागे वळून बघणारी. ती पोज त्याने मनाने काढलेली नाही, कालिदासाच्या नाटकातच आहे ती. दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाला सांगतो की चार पावलं गेली आणि पायाला दर्भ टोचला म्हणत मधेच थांबली, झाडात न अडकलेलं वल्कल सोडवत बसली आणि तोंड मात्र माझ्याकडे वळवलेलं. अख्ख्या नाटकातून रविवर्म्याने नेमकं हे उचललं. आणि चित्रात दुष्यंत दिसतसुद्धा नाही, तिच्या मानेच्या वळण्यावरूनच तो कुठे असेल ते कळतं. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, आणि छापलेली चित्रं घराघरात पोचली. त्याला कोणी म्हणालं नाही की कालिदासाच्या डोक्यातलं उचललंस.

म्हणजे पुस्तकावरून चित्र काढण्यात काहीही कमीपणा नाही. फक्त रविवर्म्याने नाटक नीट वाचलं होतं, आणि इथे मला सरांच्या बाजूने थोडं बोलायचंय, कारण तुझ्या अकाऊंटवर दोन प्रकारची चित्रं आहेत आणि तुला स्वतःला तो फरक दिसत नसावा.

एक प्रकार म्हणजे पिंटरेस्टवरचा. तुझ्या बऱ्याच चित्रांतला झेडन बघ, गोरापान, तुकतुकीत, जबडा असा कोरलेला, कुठल्याही रोमँटसीच्या, म्हणजे रोमान्स आणि फँटसी एकत्र असलेल्या पुस्तकाच्या, कव्हरवर खपून जाईल असा. पुस्तकातला झेडन असा आहे का? तो सावळा आहे, तांबूस झाक असलेला, लेखिकेने ते स्पष्ट लिहिलंय. डाव्या भुवईला चिरत गालापर्यंत उतरलेला व्रण आहे, काळ्या डोळ्यांत सोनेरी ठिपके आहेत, आणि बंडखोरांच्या मुलांच्या अंगावर असते ती खूण हातावरून चढत मानेपर्यंत गेलीये. तू व्रण काढलायस पण तो कधी डावीकडे कधी उजवीकडे, आणि वर्ण तर कधीच काढलेला नाहीस. मला याचं खरंच वाईट वाटलं. आपल्याकडे हिरो म्हटलं की आपोआप गोरा रंग उचलायची हाताला सवय झालेली असते, आणि इथे एक लेखिका सरळ सावळा हिरो देतेय तर आपण सांगलीत बसून त्याला गोरा करायचा? त्याला त्याचा रंग दे. सावळ्या कातडीवर विजेचा उजेड कसला सुंदर पडतो ते एकदा काढून बघ, तुला परत गोरा झेडन काढावासा वाटणार नाही.

व्हायोलेटचंही तेच. तू तिचे केस पूर्ण पांढरे केलेत, बाकी खूपजण करतात म्हणून तूही केलेत. पुस्तकात ते मुळाशी तपकिरी आहेत आणि टोकाकडे चंदेरी होत जातात, आणि ती ते वेणी घालून डोक्याभोवती गुंडाळते. विचार कर, वेणी गुंडाळल्यावर चंदेरी टोक कुठे येईल, ते चित्रकाराने सोडवायचं कोडं आहे आणि मजा त्यातच आहे. आणि ती बारकी आहे गं, नाजूक आहे, तू तिला जिमला जाणारी करून टाकलीस. तिचे सांधे निखळतात. लेखिका रेबेका यारोस यांना स्वतःला एहलर्स-डॅनलॉस सिंड्रोम आहे, त्यात सांधे सैल असतात आणि पटकन जागेवरून सरकतात, आणि व्हायोलेटलाही तेच आहे असं त्यांनी सांगितलंय, पुस्तकात फक्त नाव घेतलेलं नाही. म्हणून तर तिला खोगीर लागतं, बाकीचे रायडर तसेच बसतात. तुझ्या टेर्नवरच्या एकाही चित्रात खोगीर नाहीये! अगं खोगीर हीच तर तिची सगळी गोष्ट आहे.

आणि तो दोन पायांचा टेर्न. भरपूर लाइक्स आहेत त्या चित्राला, पण ज्याने पुस्तक शेवटपर्यंत वाचलंय तो बघता क्षणी दचकेल. यारोसच्या जगात ड्रॅगनला चार पाय आणि दोन पंख असतात. दोन पाय आणि दोन पंखांचा प्राणी वेगळा असतो, आणि तो कोणाच्या बाजूने येतो हे तुला माहितीये, ज्यांनी अजून वाचलं नाहीये त्यांच्यासाठी पुढचं बोलत नाही. हे चित्र तू पुस्तकावरून काढलेलंच नाहीस, दुसऱ्या कोणाच्या तरी चित्रावरून काढलंयस. सर ज्याला नक्कल म्हणाले ती ही. सरांना पुस्तक माहीत नसेल पण त्यांनी इतकी वर्षं मुलांची चित्रं तपासलीयेत, चित्र बघून काढलंय की समजून काढलंय हे त्यांना कळत असणार.

आता दुसरा प्रकार. मार्चमध्ये टाकलेलं ते चित्र, व्हायोलेट पलंगाच्या कडेला बसून गुडघ्याला पट्टी गुंडाळतेय, पट्टीचं एक टोक दातात धरलंय, शेजारी एक बूट सरळ आणि एक आडवा. झेडन नाही, ड्रॅगन नाही, वीज नाही. लाइक्स सगळ्यात कमी त्यालाच आहेत. आणि मी सगळ्यात जास्त वेळ तेच बघत बसले. पुस्तकात तिचं रोजचं आयुष्य असंच आहे, सगळे झोपेत असताना स्वतःचं शरीर बांधून दिवसासाठी तयार करायचं, आणि तू ते टोक दातात दिलंस, ते कुठल्या पिंटरेस्ट बोर्डवर सापडणार नाही. हे चित्र सरांना दाखव. बाकी काही सांगू नकोस, कुठलं पुस्तक, कोण मुलगी, काही नाही, फक्त हे चित्र पुढे ठेव आणि ते काय म्हणतात ते ऐक.

ड्रॅगनबद्दल थोडं अजून, कारण मला राहवत नाहीये. तू सांगलीत राहतेस, तुझ्या कृष्णेत मगरी आहेत. थंडीत त्या काठावर येऊन उन्हात पडतात. सुरक्षित अंतरावरून, जाणत्या माणसाबरोबर, दुर्बीण नाहीतर झूम लेन्स घेऊन जा आणि मगरीच्या पाठीवरचे खवले बघ, ते सगळीकडे सारखे नसतात. पाठीवर कठीण, उंचवटे आलेले, रांगेत, आणि कुशीकडे येता येता बारीक आणि मऊ होत जातात. तुझ्या ड्रॅगनला सगळीकडे एकच ब्रश फिरवलाय ना, म्हणून तो फरशी बसवल्यासारखा दिसतो. पंखांसाठी वटवाघूळ बघ, मोठ्या झाडांवर दिवसा उलटी लटकलेली असतात आणि अंधार पडताना निघतात. वटवाघळाचा पंख म्हणजे त्याचा हातच असतो, लांबलेली बोटं आणि बोटांमधून ताणलेली कातडी, अंगठा तेवढा बाहेर. हे एकदा डोक्यात बसलं की पंख मिटल्यावर घडी कुठे पडेल ते आपोआप कळतं. आणि चार पाय आणि वर दोन पंख म्हणजे खांद्यापाशी दोन दोन सांध्यांची गर्दी होते, ती कशी सोडवायची हा ड्रॅगन काढणाऱ्या प्रत्येकाचा खरा प्रॉब्लेम आहे. पुढच्या पायाचा खांदा थोडा पुढे आणि खाली घे, पंखाचा मागे आणि वर, आणि पंख हलवणारा जाड स्नायू छातीवरून आण, नाहीतर पंख पाठीवर चिकटवल्यासारखे वाटतात.

आणि टेर्न काळा आहे म्हणून शुद्ध काळा रंग ओतू नकोस. स्क्रीनवर दिसतं, प्रिंटमध्ये सगळं एकजीव होऊन डाग दिसतो. गडद निळा, गडद जांभळा, त्यावर कडेने उजेडाची एक रेघ. तुझ्याकडे तर वीज आहे, व्हायोलेटची स्वतःची, तिला वीज पाडता येते ना, एवढा चांगला उजेड कोणत्या चित्रकाराला फुकट मिळतो. ए३ प्रिंट करायचं असेल तर कॅनव्हास सुरुवातीलाच ३५०८ बाय ४९६१ पिक्सेलचा घे, ३०० डीपीआयला तेवढाच लागतो, नंतर ताणून मोठं केलं तर खवले फुटतात.

प्रिंटवरून स्टॉलवर येऊ. इथे मी तुझ्याशी नुसतं गोड बोलून चालणार नाही.

तू जे काढतेस त्यातलं चित्र तुझं आहे पण ते जग तुझं नाहीये. कालिदास जाऊन शेकडो वर्षं झाली, त्याच्यावर कोणाचा हक्क नाही. आपल्याकडे कॉपीराइट कायदा १९५७ चा आहे आणि त्यात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो. यारोस जिवंत आहेत, लिहितायत, मालिकेचे पुढचे भाग यायचेत. त्यांच्या कथेवरून, पात्रांवरून वस्तू करून विकायच्या तर परवानगी लागते. कलम ५२ मध्ये खाजगी वापर, समीक्षा वगैरेसाठी सूट आहे, म्हणजे तू वहीत काढलंस, भिंतीवर लावलंस, मैत्रिणीला वाढदिवसाला दिलंस, कोणी काही म्हणणार नाही. इन्स्टावर टाकणं हे काटेकोर बघितलं तर पूर्णपणे त्या सुटीत बसत नाही, पण वाचकांनी प्रेमाने काढलेल्या चित्रांना लेखक आणि प्रकाशक सहसा हरकत घेत नाहीत, उलट अनेक लेखक ती स्वतः शेअर करतात, कारण त्याने पुस्तकच पुढे जातं. पैसे घ्यायला लागलो की मात्र गोष्ट बदलते.

आणि या मालिकेच्या बाबतीत तर जास्तच. तिचा तिसरा भाग 'ऑनिक्स स्टॉर्म' जानेवारी २०२५ मध्ये आला आणि पहिल्या आठवड्यात २७ लाख प्रती खपल्या. अ‍ॅमेझॉन त्यावर सिरीज करणार हे जाहीर झालेलं आहे. जिथे एवढे पैसे अडकलेत तिथे नाव, पात्रं, मग, टीशर्ट, स्टिकर सगळ्याचे हक्क कुठेतरी कोणाकडे तरी विकलेले असतात आणि ते लक्ष ठेवून असतात.

तुझी मैत्रीण म्हणेल की सगळेच विकतात. विकतात, खरं आहे, आणि बहुतेकांना काही होतही नाही. पण ज्याला होतं त्याचं दुकान एका नोटिशीत बंद होतं, अकाऊंट जातं, आणि तुझ्यासाठी ते अकाऊंट म्हणजे सगळं काम आहे. शिवाय आपल्या कायद्यात जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाला कलम ६३ खाली शिक्षासुद्धा आहे, आणि तू मला विचारलंयस म्हणजे आता तुला माहीत नव्हतं असं म्हणता येणार नाही. आणि काही समजुती डोक्यातून काढून टाक. 'क्रेडिट दिलंय' लिहिलं की परवानगी मिळत नाही. 'उल्लंघनाचा हेतू नाही' असं खाली लिहून काही फरक पडत नाही. ३० टक्के बदललं की चालतं हे कुठल्याही कायद्यात लिहिलेलं नाही, कोणीतरी कधीतरी बोललं आणि ते फिरत राहिलं.

मग स्टॉल घ्यायचाच नाही का, तर घ्यायचा की! कल्पनेवर कॉपीराइट नसतो, ती मांडायच्या पद्धतीवर असतो, आपल्या सुप्रीम कोर्टाने १९७८ मध्येच आर. जी. आनंद खटल्यात हे सांगून ठेवलंय. ड्रॅगनवर बसणारी मुलगी कोणाच्या मालकीची नाही. काळा ड्रॅगनही नाही. पण काळा ड्रॅगन, त्याच्या शेपटीला काटेरी गोळा, पाठीवर चंदेरी टोकांच्या केसांची बारकी मुलगी आणि शेजारी सावल्या खेळवणारा मुलगा, असं सगळं एका कागदावर आलं की नाव न लिहिताही तो टेर्नच झाला. तो घरी ठेव. स्टॉलवर तुझा ड्रॅगन घेऊन जा.

आणि तुझा कुठला ते मी तुझ्या जागी असते तर कुठे शोधला असता सांगते. आयर्विन पुलावर. १९२९ चा तो पूल, पावसाळ्यात अख्ख्या सांगलीचे डोळे त्याच्या पाणीपातळीवर असतात, ४० फुटांना इशारा आणि ४५ ला धोका. रात्र आहे, पाणी धोक्याच्या खुणेला टेकलंय, गावातून माणसं सामान घेऊन निघालीत, आणि पुलावर मगरीच्या पाठीचा, मातकट हिरवा, प्रचंड ड्रॅगन पंख अर्धे उघडून बसलाय आणि त्याच्या मानेपाशी रेनकोट घातलेली एक मुलगी पाणी वाकून बघतेय. ती कोण, तिचं कोणावर प्रेम आहे, तो पुराच्या कुठल्या बाजूला अडकलाय, ते तू ठरव. रोमान्स हवा तर तोही घाल, भरपूर घाल, तुला तो छान जमतो. एवढं करून बघ आणि मुंबईत ते प्रिंट ठेव. 'फोर्थ विंग' वाचणाऱ्या मुली त्या स्टॉलवर थांबतील कारण त्यांना ड्रॅगन आणि प्रेम आवडतं, आणि तसे प्रिंट त्यांना दुसऱ्या स्टॉलवर मिळणार नाहीत.

अजून एक गोष्ट स्टॉलवर चांगली चालेल असं मला वाटतं, 'तू आणि तुझा ड्रॅगन'. गिऱ्हाईक स्वतःचा फोटो देणार, रंग आणि स्वभाव सांगणार, तू तिला तिच्या ड्रॅगनवर बसवणार. यात कोणाचं काही घेतलेलं नाही. अर्धे पैसे आधी यूपीआयवर, किती वेळा बदल करून देणार ते आधीच लिहून द्यायचं, आणि फायनल फाइल पूर्ण पैसे आल्यावरच. मैत्रिणीबरोबर अर्धं अर्धं ठरवताना स्टॉलचं भाडं, छपाई, प्रवास आधी वजा करायचा की नंतर हे व्हॉट्सअ‍ॅपवर का होईना पण लिहून घ्या, मैत्रीत याच्यावरूनच वाजतं. आणि फॅन आर्ट, म्हणजे तुझी ही पुस्तकावरची चित्रं? ते काढत राहा, अकाऊंटवर टाकत राहा, फुकट. स्टॉलवर आलेल्या मुलीने विचारलं की टेर्नचा प्रिंट आहे का, तर फोन काढून दाखव आणि सांग की हा विकत नाही, आवडीने काढलाय. त्याच्यावरून ज्या गप्पा सुरू होतील त्या तुला आवडतीलच.

त्या १५० डॉलरचं थोडक्यात. नाही म्हण. तुझं वय २४ आहे, तू काय वाचावंस आणि कोणाचं चुंबन काढावंस हे कोणी सांगायची गरज नाही, पुस्तकही मोठ्यांसाठीच आहे आणि त्यात ते सीन आहेतच. पण 'सगळं दिसलं पाहिजे' असं चित्र ऑनलाइन पाठवणं आपल्याकडे आयटी अ‍ॅक्टच्या कलम ६७ आणि ६७अ मध्ये येऊ शकतं, आणि तिथे तुरुंगवासापर्यंत शिक्षा आहे, ६७अ ला तर पहिल्याच गुन्ह्याला पाच वर्षांपर्यंत. वर ते दुसऱ्याच्या पात्रांचं, पैसे घेऊन. एवढी जोखीम घ्यावी असं त्या चित्रात काही नाहीये. आणि कायदा बाजूला ठेवला तरी, तुला ते काढायचंय असं पत्रात कुठेच नाही, फक्त पैसे किती मिळतात ते आहे. तिला लिही की मी असं काम घेत नाही, आणि पुढे काही नाही, कारणं देत बसू नकोस. कारण दिलं की ती २०० म्हणेल.

आता आई.

आई काही बोलली नाही याचा अर्थ तू लगेच चिडली असा लावलास. असेलही चिडली. पण आपल्या मुलीच्या आयपॅडवर अचानक असं चित्र दिसल्यावर नेमकं काय बोलायचं हे तिलाही सुचलं नसेल, आपल्याकडच्या घरांत या विषयाला शब्दच नसतात, म्हणून वस्तू जागेवर ठेवायची आणि आत जायचं. ती आयपॅड आपटून गेली नाही, ठेवून गेली, असं तूच लिहिलंयस. शिवाय तिच्या पिढीने प्रेमकथा वाचल्या नाहीत असं समजू नकोस, वाचनालयांतून रोमँटिक कादंबऱ्या अक्षरशः पानं सुटेपर्यंत फिरल्यात, आणि त्या सगळ्या काही पुरुष वाचत नव्हते.

तिला कलेबद्दल, फॅन आर्टबद्दल लेक्चर देऊ नकोस. तिला गोष्ट सांग. संध्याकाळी भाजी निवडताना नाहीतर जेवण झाल्यावर सरळ सुरू कर, की आई तू ते चित्र बघितलंस ना, ते एका पुस्तकातलं आहे, एक मुलगी असते, तिचे सांधे सारखे निखळत असतात, तिला पुस्तकांत राहायचं असतं आणि तिची आई, जी सैन्यात जनरल आहे, तिला जबरदस्तीने अशा ठिकाणी पाठवते जिथे मुलं मरतात. एवढं ऐकून कुठलीही आई विचारणारच की असली कसली आई ती. मग झालं, आता ती गोष्टीत आली. मग त्या मुलाबद्दल सांग, की त्याच्या वडिलांना हिच्या आईने मारवलं आणि तरी दोघांचं जमतं. तो किस कुठून आला हे मग समजावून सांगावं लागत नाही. तिने विचारलं की असली पुस्तकं वाचतेस का तू, तर हो म्हण, सरळ हो, मोठ्यांचं पुस्तक आहे आणि मला आवडतं. आवाज चढवायचा नाही, माफी मागायची नाही. ती कदाचित नाराज होईल, दोन दिवस तुटक बोलेल. चालतंय. निदान तिला जे वाटतंय ते खऱ्या गोष्टीबद्दल वाटेल, मनातल्या मनात रचलेल्या कशाबद्दल तरी नाही, कारण आत्ता तिला बहुतेक हाच प्रश्न पडलाय की चित्रातला मुलगा कोण, सांगलीतला आहे का, आणि मुलगी आपल्यापासून काय लपवतेय.

डॉलरचं तिला सांगायचं की नाही ते तुझं तू ठरव, तू नाही म्हणालीस की तो विषय तिथेच संपतो. स्टॉलचं मात्र सांग, आणि शक्य असेल तर तिला मुंबईला बरोबर ने, पैसे मोजायला आणि सुटे द्यायला स्टॉलवर एक विश्वासाचं माणूस लागतंच.

आणि ते किसचं चित्र आईला वाईट वाटलं म्हणून डिलीट करू नकोस, अकाऊंटवरूनही काढू नकोस. फक्त झेडनला त्याचा रंग देऊन परत एकदा काढ, आणि व्रण डाव्या बाजूला.